सव्वाचारच्या बायका

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिला सगळे मुकादम म्हणत. तसं पद तिला कुणी दिलेलं नव्हतं. पण चादरी कुठल्या यंत्रात घालायच्या, ऑपरेशनचे हिरवे कपडे आधी की नंतर, इस्त्रीच्या रुळावर आज कोण उभं राहणार, हे ती सांगायची आणि बाकीच्या ऐकायच्या. आवाजच तसा होता. पाचही यंत्रं फिरत असली तरी पलीकडच्या खोलीत पोचायचा. वसाहतीतही तेच. कुणाला दाखला हवा असो, कुणाचं गटार तुंबलेलं असो, लोक म्हणायचे, "मुकादमला विचारा."

घरात मात्र तिचं फारसं चालत नसे, कारण घरात वन्सं होत्या. वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. नवऱ्याच्या मागे भावाकडे राहायला आल्या त्याला वीस वर्षं झाली होती. त्याही त्याच धुलाईखान्यात, मळके कपडे निवडायच्या खोलीत कामाला होत्या. जिभेला हाड नव्हतं. भावजयीला त्या तोंडावर "मुकादमसाहेब" म्हणायच्या आणि वर विचारायच्या, "साहेब, चहात साखर घालायला परवानगी आहे का?"

धुलाईखान्याची पहिली पाळी साडेपाचला सुरू व्हायची. वसाहतीतून तिकडे जाणारी पहिली बस होती सहा वीसची. म्हणजे पहिल्या पाळीच्या एकेचाळीस बायका रोज पहाटे सव्वाचारला कोपऱ्यावरच्या बसथांब्याशी जमायच्या आणि चालायला लागायच्या. लाकडाच्या वखारी, मग काटेरी तारेचं कुंपण, मग हमरस्ता, मग पूल. पाऊण तास तर कधीच नाही, चांगला तासभर लागायचा. मुकादमचा नवरा चांभारकाम करायचा. अर्ध्या बायकांच्या चपला त्याच्याकडेच यायच्या. तो एकदा बायकोची चप्पल उलटी धरून म्हणाला होता, "ही टाच बघ. हे काय बाईमाणसाचं चालणं आहे? हे हमालाचं आहे."

बायका वर्षानुवर्षं चालत होत्या, पुढेही चालत राहिल्या असत्या. पण एका थंडीत वखारीतून मागे येणाऱ्या ट्रकला शेजारची सून दिसली नाही. पाय दोन ठिकाणी मोडला. ती वाचली, पण पुन्हा धुलाईखान्यात उभी राहू शकली नाही; दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी वसाहतीतलीच दुसरी बाई घेतली. चौथ्या दिवशी मुकादम पाळी संपल्यावर तडक वाहतूक कार्यालयात गेली आणि मार्ग ठरवणाऱ्या साहेबांसमोर उभी राहिली.

"पाच वाजायच्या आत एक बस पाहिजे आमच्या थांब्यावरून," तिने सांगितलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. बसायला खुर्ची दिली, रजिस्टर काढलं, चष्मा चढवला. "हे बघा बाई. प्रत्येक थांब्यावर प्रवासी किती, याची मोजणी असते आमच्याकडे. तुमच्या थांब्यावर सहाच्या आधी प्रवासी शून्य."

"शून्य कसे? आम्ही एकेचाळीस जणी असतो तिथं."

"थांब्यावर थांबता?"

"थांबून काय करू? बसच नाही तर! जमतो आणि चालायला लागतो."

"मग ते पादचारी झाले," साहेब म्हणाले. "प्रवासी नव्हे."

मुकादमने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वन्सं हसून हसून बेजार झाल्या. "म्हणजे बस नाही म्हणून माणूस नाही, आणि माणूस नाही म्हणून बस नाही! शिकली सवरलेली माणसं बाई, आपल्याला हे सुचलं नसतं."

निघताना साहेबांनी एक वाट मात्र दाखवली होती. तोंडी सांगायला रोज शंभर जण येतात, ते म्हणाले. पण एखाद्या जाणकार संस्थेचा अभ्यास असेल, आकडे असतील, तर पुढच्या वर्षीच्या आढावा बैठकीत विषय घेता येईल. कागद आणा.

आणि योगायोग असा की दोनच महिन्यांत कागद करणारे आपणहून वसाहतीत आले.

विद्यापीठ वसाहतीपासून लांब नव्हतं. पुलावरून त्याच्या वाचनालयाचं छप्परसुद्धा दिसायचं. पण तिथलं माणूस इकडे कधी फिरकलं नव्हतं. त्या वर्षी समाजशास्त्र विभागाने 'ज्ञान वस्तीसाठी' नावाचा उपक्रम काढला. एक तरुण प्राध्यापक बाई आणि तिच्यामागे बारा विद्यार्थी, प्रत्येकाच्या हातात फळी आणि फळीला प्रश्नावली अडकवलेली. पहिल्या दिवशी ते आले सकाळी दहाला. घरोघर कुलपं. मुकादमची त्या दिवशी सुट्टी होती, वन्संचीही, म्हणून ती भेटली.

"दहाला इथं कोण सापडणार?" ती म्हणाली. "म्हातारी माणसं आणि कोंबड्या."

"मग कधी येऊ मावशी?" बाईंनी विचारलं.

"सव्वाचारला."

"दुपारी?"

वन्सं आतून ओरडल्या, "दुपारी या, आम्ही झोपलेल्या असतो, घोरणं मोजा!"

प्राध्यापक बाई लाजल्या, पण दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वाचारला थांब्यावर हजर झाल्या. बारांपैकी तीनच विद्यार्थी आले होते. ते सगळे बायकांबरोबर धुलाईखान्यापर्यंत चालत गेले. नव्या कोऱ्या बुटांनी बाईंच्या टाचेला फोड आला. पुलावर त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि पुढचं अंतर मोज्यांवर चालल्या. मुकादमला ते आवडलं. तिने मनाशी ठरवलं, ही बाई कामाची आहे.

त्यानंतर तीन महिने तिने स्वतःला त्या कामाला जुंपून घेतलं. कोण कधी घरी असते, कोणाचा नवरा दारात उभं राहू देत नाही, कोणाला लिहिता येत नाही, सगळं तिला ठाऊक. ती विद्यार्थ्यांना दारोदार घेऊन गेली. फक्त पहिल्या पाळीच्या नव्हे, वसाहतीतल्या कामावर जाणाऱ्या झाडून सगळ्या बायकांकडे, एकशे अठरा जणींकडे. एका बाबतीत मात्र बायका अडून बसल्या. प्रश्नावलीत एक प्रश्न होता, महिन्यातून किती वेळा कामावर उशिरा पोचता? आणि दुसरा, चालताना काय त्रास होतो? खरं सांगायचं तर पर्यवेक्षकाचं नाव निघणार होतं, वखारवाल्यांचं निघणार होतं.

"हे उद्या हॉस्पिटलच्या ऑफिसात गेलं तर?" एकीने विचारलं. "आमच्या पोटावर पाय येईल."

मुकादमने बाईंना बाजूला घेतलं. "असं लिहून द्या की हे कागद कुठल्याही ऑफिसला, कुठल्याही साहेबाला मिळणार नाहीत. मग बोलतील."

बाई म्हणाल्या, "ते असतंच मावशी. संमतिपत्रात घालतो आपण." आणि त्यांनी तसं ठळक अक्षरात घातलं. मुकादमने ते वाक्य प्रत्येक दारात मोठ्याने वाचून दाखवलं. "दिलेली माहिती केवळ संशोधनासाठी वापरली जाईल व कोणत्याही कार्यालयास वा बाहेरील व्यक्तीस दिली जाणार नाही." तिच्या आवाजात ते एखाद्या हुकमासारखं वाटायचं. ऐकून बायका सही करायच्या, नाहीतर अंगठा उठवायच्या. मग पदर सावरून बसायच्या आणि भडाभडा बोलायच्या. कुणी कधी विचारलंच नव्हतं त्यांना.

मग सगळं थंड पडलं. विद्यार्थ्यांच्या परीक्षा आल्या. सुट्ट्या आल्या. वाटेत भेटेल ती बाई विचारायची, "मुकादम, बसचं काय झालं?" आणि ती म्हणायची, "कागद तयार होतोय." पाच महिने ती हेच म्हणत होती. पुढे पुढे नळावर तिला पाहिलं की एखादी नुसती हसायची. वन्सं तर रोज सकाळी चपला घालताना म्हणायच्या, "चला, कागद तयार होईपर्यंत पाय झिजवू."

एके दिवशी विद्यापीठातून आमंत्रण आलं. छापील, सोनेरी कडेचं. समारोपाचा कार्यक्रम. मुकादम धुतलेली साडी नेसून गेली, बरोबर वन्सं. सभागृहात गारेगार हवा, खुर्च्यांना मऊ गाद्या. भिंतीवर चित्रं दाखवत होते. रंगीत पट्ट्या, वर चढणाऱ्या रेषा. विभागप्रमुख सर एका निळ्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "या आमच्या पहाटेच्या श्रमिक भगिनी."

"आपण निळ्या का?" वन्संनी कुजबुजत विचारलं.

"गप्प बसा हो."

मग मुकादमला व्यासपीठावर बोलावलं. फुलांचा गुच्छ दिला आणि चौकटीतलं प्रमाणपत्र. त्यावर लिहिलं होतं, 'समुदाय भागीदार'. टाळ्या झाल्या. सरांनी विचारलं, "दोन शब्द बोलणार का?"

"बोलते," ती म्हणाली आणि ध्वनिक्षेपकाशिवायच बोलली, त्यामुळे मागच्या रांगेतले दचकले. "तुम्ही मान दिलात, उपकार झाले. आता तो अहवाल द्या. पुढच्या महिन्यात बसवाल्यांची बैठक आहे. त्यांनी कागद मागितलाय."

सर मनापासून हसले. "हीच तर खरी लोकांची आस! नक्की, नक्की. विभागात या."

पुन्हा टाळ्या झाल्या. नंतर चहा होता.

ती विभागात गेली. एकदा नव्हे, चार वेळा. पाळी संपवून, दुपारचं जेवण हुकवून. पहिल्यांदा कारकून म्हणाला, सर परिषदेला गेलेत. दुसऱ्यांदा म्हणाला, अर्ज करा. तिने अर्ज केला. तिसऱ्यांदा अर्ज सापडेना. चौथ्यांदा सर भेटले, आणि त्यांनी प्राध्यापक बाईंनाही बोलावून घेतलं. बाई आल्या त्याच खाली मान घालून. 

"असं आहे मावशी," सर म्हणाले, "अहवाल आम्ही देऊ शकत नाही. नीतिमत्ता समितीचा नियम आहे. संमतिपत्रात स्पष्ट लिहिलंय, माहिती कोणत्याही कार्यालयास दिली जाणार नाही. ते तुमच्याच रक्षणासाठी आहे."

 ते वाक्य मुकादमला तोंडपाठ होतं. एकशे अठरा दारांत तिनेच ते म्हटलं होतं.

"नावं नकोत हो," ती म्हणाली. "नुसता आकडा द्या. किती जणी, किती वाजता, किती लांब. तेवढंच."

"आकडे लेखात आहेत. लेख नियतकालिकाकडे गेलाय. तो छापून येईपर्यंत आकडे बाहेर देता येत नाहीत."

"कधी छापणार?"

"वर्ष... दीड वर्ष धरा."

"मग आम्ही परत सह्या करतो! आजच आणते. सगळ्यांनी लिहून द्यायचं, आमची माहिती बसवाल्यांना द्या म्हणून. मग तर झालं?"

आता बाई बोलल्या, अगदी हळू. "मी तेच म्हटलं होतं मावशी. पण नवं संमतिपत्र आधी समितीने मंजूर करावं लागतं. समिती तीन महिन्यांनी बसते. मागच्या आठवड्यातच बसली होती."

मुकादम हसली. तिला स्वतःलाच ते हसू कसंतरी वाटलं. "म्हणजे आमचंच आम्हाला द्यायला तुमची हरकत. आम्ही सांगितलं, आम्ही सह्या केल्या, आमचे पाय, आमचा रस्ता. आणि कागद तुमच्या कपाटात, आमच्यापासून आमचं रक्षण करायला!"

"भावना समजते," सर म्हणाले.

"भावना नको. कागद पाहिजे."

सरांनी शेवटी एक पत्र द्यायचं कबूल केलं. विभागाच्या शिक्क्याचं, सहीचं. ते मिळायला आणखी आठ दिवस गेले. घरी येऊन तिने ते नवऱ्याला वाचायला लावलं, कारण रागाने तिला अक्षरं लागत नव्हती. त्यात उपक्रमाचं कौतुक होतं, वसाहतीच्या सहकार्याबद्दल आभार होते, आणि शेवटचं वाक्य होतं, 'सदर परिसरातील श्रमिक महिलांच्या वाहतुकीच्या गरजांबाबत अधिक अभ्यासाची आवश्यकता असल्याचे दिसून येते.'

नवऱ्याने कागदाची घडी घातली. "दोन पानं आहेत आणि आत काही नाही," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या शिक्क्याचा चपलेला तळ तरी लावता आला असता."

तरी ती ते पत्र घेऊन बैठकीला गेली, कारण हातात दुसरं काही नव्हतं. साहेबांनी पत्र वाचलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि बाजूच्या माणसाकडे सरकवलं. "विद्यापीठच म्हणतंय, अधिक अभ्यास हवा. मग तो होऊ दे ना बाई. तोवर विषय प्रलंबित ठेवतो."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आकडे तिने तोंडी सांगितले. एकेचाळीस जणी, चार किलोमीटरच्या वर, मोडलेला एक पाय. टेबलाभोवतीच्या सहाही जणांनी ऐकलं, माना डोलावल्या. कुणी लिहून घेतलं नाही. अखेर तिने आवाज चढवला तेव्हा साहेब म्हणाले, "बरं, आमचीच मोजणी पुन्हा घेऊ. पुढच्या सोमवारपासून तीन दिवस. पण थांब्यावर उभे असतील तेच मोजणार. चालणारे नाहीत."

"उभ्या राहू," ती म्हणाली.

हे बोलायला सोपं होतं. नसलेल्या बसची वाट पाहत थांब्यावर उभं राहायचं म्हणजे कामावर उशीर, आणि उशीर म्हणजे अर्धा खाडा. तिने दारोदार फिरून बायकांना विनवलं. पूर्वी ती हुकूम करायची, आता विनवत होती. मागच्या वेळी तिच्या शब्दावर बोललेल्या बायका आता तोंडावर म्हणाल्या, "तेव्हाही तू असंच सांगितलं होतंस." एकीने तर दार अर्धवट उघडूनच उत्तर दिलं. शेवटी वन्संनी पदर खोचला आणि मागोमाग फिरल्या. त्या फक्त एवढंच म्हणत होत्या, "माझे गुडघे बघा आणि मग नाही म्हणा."

सोमवारी पहाटे सव्वाचारला एकेचाळीसपैकी सदतीस जणी थांब्यावर उभ्या राहिल्या. साडेचार झाले. पाच झाले. मोजणीदाराचा पत्ता नाही. साडेपाचला काही जणी निघून गेल्या. पावणेसहाला आणखी गेल्या. मुकादम आणि वन्सं तेवढ्या उरल्या. सहा वीसला पहिली बस आली आणि बसमधून एक पोक्त माणूस उतरला, बगलेत वही, कानाला पेन्सिल. त्याने थांब्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, दोन.

"आत्ता येताय?" मुकादम किंचाळली. "सदतीस जणी उभ्या होत्या इथं सव्वाचारपासून!"

माणूस बिचारा भांबावला. "मी कसा येणार आधी? ही पहिलीच बस आहे."

वन्सं कठड्यावर बसून गुडघे चोळू लागल्या. 

मुकादम त्या सकाळी कामावर गेलीच नाही. ती विद्यापीठात गेली. विभागात कुणी आलं नव्हतं, म्हणून आवारातल्या पायरीवर बसून राहिली. प्राध्यापक बाई स्कूटरवरून आल्या तेव्हा तिने सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज फाटला, आणि तो फाटला याचाच तिला जास्त राग आला.

"तुमच्यावर भरवसा टाकला बाई. पायाला फोड आला तेव्हा वाटलं, ही आपली. पण तुम्ही लोक येता, विचारता, लिहिता आणि निघून जाता. आम्ही रस्त्यावरच."

बाईंनी स्कूटर पुन्हा फाटकाकडे वळवली.  त्यांनी विचारलं, "तो मोजणीदार राहतो कुठं?"

"मला काय माहीत?"

"शोधते."

मंगळवारी पहाटे चारला प्राध्यापक बाई स्कूटरवरून वसाहतीत आल्या. मागे तो मोजणीदार, कानटोपी घालून, वही छातीशी धरून, जीव मुठीत घेऊन बसलेला. त्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बाईंनी त्याला साडेतीनला उठवलं होतं. त्या दिवशी एकोणतीसच बायका आल्या, कारण सोमवारचा अनुभव ताजा होता. त्याने प्रत्येकीला पेन्सिलीने टिंब दिलं. बुधवारी चाळीस आल्या. उरलेली एक तापाने आजारी होती. मोजणीदाराने टिंबं दोनदा मोजली आणि वहीखाली मुकादमची सही घेतली. नियमात तशी सही नव्हती, पण त्याला वाटलं घ्यावी.

विभागप्रमुखांना हे कळलं तेव्हा त्यांनी बाईंना बोलावून समज दिली. संशोधकाने क्षेत्रात ढवळाढवळ करू नये, आपण निरीक्षक आहोत, आणि तुमची नेमणूक वर्षावर्षाची आहे हे विसरू नका. बाईंनी हे मुकादमला बऱ्याच दिवसांनी, सहज बोलल्यासारखं सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. मला तास होता."

पुढे फाईल फिरली. साहेबांकडून वर, वरून खाली, मग मध्येच साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब म्हणाले, मला समजून घ्यायला वेळ द्या. मुकादम दर मंगळवारी जायची. रखवालदार तिला ओळखायला लागला, मग तिच्यासाठी खुर्ची ठेवायला लागला. तिला त्या खुर्चीचाही राग यायचा. मोजणीनंतर पाच महिन्यांनी आदेश निघाला. पहाटे चार पंचावन्नची बस, तीन महिन्यांसाठी, प्रायोगिक तत्त्वावर. वसाहतीचा रस्ता अरुंद म्हणून बस कोपऱ्यावरच्या थांब्यावर येणार नव्हती, हमरस्त्याला येणार होती. म्हणजे वखारींसमोरून चालणं राहिलंच. ज्या ठिकाणी पाय मोडला होता, नेमकं तेवढंच राहिलं.

पहिल्या दिवशी बायका हमरस्त्यावर साडेचारपासून उभ्या होत्या. चार पंचावन्न झाले, पाच झाले. बस पाच आठला आली. चालक म्हणाला, डेपोचं फाटक उघडायला माणूस नव्हता. बायका चढल्या. आत दिवे होते, खिडक्यांना काचा होत्या, बसायला जागा होती. कुणी टाळी वाजवली नाही. एक जण बसल्या बसल्या झोपली. वाटेतला प्रत्येक थांबा घेत बस हॉस्पिटलच्या दारात पोचली तेव्हा पाच एकतीस झाले होते, आणि पर्यवेक्षकाने हजेरीपट साडेपाचला मिटला होता.

एकेचाळीस जणींचा अर्धा खाडा.

"चालत आलो असतो तर वेळेत पोचलो असतो," वन्सं म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि तो गुडघा त्या दिवशी दुखत नव्हता, हे मुकादमला दिसलं.

ती पर्यवेक्षकाशी भांडली. तो म्हणाला, बस तुम्ही आणलीत, वेळ तुम्ही सांभाळा. आठ वाजता चहाच्या सुट्टीत बाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आली ना मावशी बस?"

"आली."

"मग?"

"तेरा मिनिटं उशिरा. आणि वखारीपाशी येत नाही. आणि सगळ्यांचा खाडा लागला."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मंगळवारी डेपोत जायचंय," मुकादम म्हणाली. "फाटकाचं बोलायला. येता का?"

"मंगळवारी माझे दोन तास असतात." बाई थांबल्या. "किती वाजता?"

"पाळी सुटल्यावर. तीनला."

"बघते काही जमतं का."

मुकादमने फोन कमरेला खोचला. दुसऱ्या यंत्राचं दार आज पुन्हा बसत नव्हतं. तिने चादरींचा गठ्ठा आत ढकलला, दाराला गुडघा लावला आणि कुणावर तरी ओरडायचं म्हणून साबण आणणाऱ्या बाईवर ओरडली.